क्रेडिट कार्डाशिवाय क्रूझची सहल कशी करावी

मुंबईच्या बंदरावर, जहाजात चढण्यापूर्वीच्या नोंदणी खिडकीवर, पलीकडच्या मुलीने क्रेडिट कार्ड मागितले, तेव्हा माझ्या बाबांनी बंडीच्या आतल्या खिशातून पन्नीत गुंडाळलेले एक कार्ड काढून तिच्यापुढे ठेवले. ते किसान क्रेडिट कार्ड होते. कार्डावर जे नाव छापलेले होते तेच तिने मागितले होते, त्यामुळे बाबांचे काहीच चुकले नव्हते. पण ते खाते पीककर्जाचे, आणि त्यातून जहाजावरचा चहासुद्धा घेणे मला योग्य वाटत नव्हते. मी ते कार्ड परत पन्नीत घालून बाबांच्या हाती दिले आणि माझ्या बचत खात्याचे डेबिट कार्ड पुढे केले. ती मात्र माझी चूक होती, आणि ती नेमकी काय होती हे पुढे सविस्तर लिहिले आहे.

आमचे गाव हिंगणघाट तालुक्यात आहे. गावात कापूस, सोयाबीन आणि तूर ही पिके आहेत, आणि क्रेडिट कार्ड असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कार्ड देताना बँक पगाराची पावती किंवा आयकर विवरणपत्र मागते, आणि शेतीवर चालणाऱ्या बहुतेक घरांकडे यांपैकी काहीच नसते. त्यामुळे समुद्रातली सहल आपल्यासाठी नाही, असा समज करून घेण्याचे मात्र कारण नाही. क्रूझच्या खर्चाचा फार मोठा भाग निघण्याच्या कितीतरी आधी भरावा लागतो. राहणे, मुख्य भोजनगृहातले जेवण आणि बहुतेक करमणूक तिकिटातच येते. म्हणजे उधारीची गरज मुळातच कमी आहे. गरज आहे ती एकाच गोष्टीची: सहलीचा पैसा पेरणीच्या, मजुरीच्या आणि पीककर्जाच्या पैशांपासून पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवण्याची. या लेखातले बाकीचे सगळे त्याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी पूर्ण आकडा काढावा

जाहिरातीत दिसणारी किंमत ही सहलीची किंमत नसते. ती बहुधा एका खोलीत दोघे राहतील असे धरून प्रत्येक माणसामागे दिलेली असते आणि तिच्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क व जीएसटी वेगळे लागतात. म्हणून बुकिंग करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की सर्व कर आणि शुल्के धरून आमच्या कुटुंबाचा शेवटचा आकडा किती, आणि तो कागदावर किंवा ईमेलवर लेखी मागावा. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला त्याच खोलीत घेतले तर त्यांचे भाडे बरेचदा कमी पडते. परंतु अशा खोलीत वरचे पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि त्यांवर शिडीने चढावे लागते. साठी ओलांडलेले आई-बाबा सोबत असतील तर केवळ पैसे वाचतात म्हणून ही खोली घेऊ नये. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त असते, आणि माझ्या मते आपल्यासारख्यांना तीच पुरेशी आहे, कारण जहाजावर जागेपणीचा वेळ डेकवरच जातो.

उदाहरणादाखल चौघांचा हिशेब मांडू. करांसह तिकिटे ८४,००० रुपये, मुंबईपर्यंतचा जाण्यायेण्याचा प्रवास व एका रात्रीचा मुक्काम १२,०००, जहाजावरचा वरखर्च ९,००० आणि हात न लावण्याची राखीव रक्कम १५,०००. एकूण १,२०,००० रुपये. प्रत्यक्षातले आकडे फेरीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतील, पण हे चार रकाने बदलणार नाहीत. चौथा रकाना रिकामा असेल तर सहल एक हंगाम पुढे ढकलावी, असे मी स्पष्टपणे सांगतो. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे त्याला अचानक आलेला खर्च महिनाभर पुढे ढकलता येतो. आपल्याला तो त्याच दिवशी भागवावा लागतो.

पैसा साठवण्याची आपली पद्धत

बँकेत गेल्यावर दर महिन्याची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, सुचवली जाते. पगारदारासाठी ती उत्तम आहे. आपल्याकडे मात्र पैसा दर महिन्याला येत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापूस त्यानंतर वेचण्यांप्रमाणे आणि तूर जानेवारी-फेब्रुवारीत, असा तो तीन वेळा येतो, आणि जून-जुलैमध्ये तर घरातून बाहेरच जात असतो. पेरणीच्या महिन्यात आरडीचा हप्ता चुकतो आणि दंड लागतो. म्हणून त्याऐवजी प्रत्येक पिकाचा पैसा आला की एक लहान मुदत ठेव करावी. वरच्या उदाहरणात वर्षाला सोयाबीनचे १५,०००, कापसाचे ३०,००० आणि तुरीचे १५,००० बाजूला काढले तर दोन वर्षांत १,२०,००० पूर्ण होतात, आणि त्यावरचे व्याज वेगळे.

यासाठी घरातल्या एखाद्या व्यक्तीच्या नावाने वेगळे बचत खाते उघडावे आणि त्याचे स्वतंत्र डेबिट कार्ड घ्यावे. आमच्या घरी ते पत्नीच्या नावाने आहे. हे खाते पीककर्जाच्या खात्याशी, पीकविम्याशी किंवा अनुदान जमा होणाऱ्या खात्याशी जोडलेले नसावे. ठेव बँकेतच करावी. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकाही धरून, ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पतसंस्थांच्या ठेवींना ते नाही. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी सहलीचा पैसा पतसंस्थेत ठेवून तो अडकल्याची उदाहरणे आपल्या भागात गावोगावी ऐकायला मिळतात.

किसान क्रेडिट कार्डाबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण मोह तिथेच होतो. कापूस विकला की खात्यात एकदम मोठी रक्कम दिसते आणि कर्जफेडीला मार्चअखेरपर्यंत वेळ आहे असे वाटते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर आपल्याला व्याज शून्य टक्के पडते. मुदत एकदा चुकली की ही सवलत हातची जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते. त्यामुळे आधी पीककर्जाचा भरणा, मग सहलीची ठेव, हा क्रम मोडू नये. बचत गटाचे कर्जही यासाठी उचलू नये. वर्षअखेरीस गटातून मिळणारा आपला वाटा मात्र खुशाल वापरावा.

बुकिंग आणि भरणा

मुंबईहून सुटणाऱ्या फेऱ्यांचा हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते मे असतो. तूर निघाल्यानंतरचा फेब्रुवारी-मार्च आपल्याला सोयीचा पडतो; त्या वेळी शेतात काम कमी असते आणि घरात पैसा असतो. देशांतर्गत फेरीसाठी पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र चालते. तरीही तिकिटावरचे नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहावे.

पैसे भरण्याचे तीन मार्ग आपल्यासाठी खुले आहेत. यूपीआयने भरता येतात, मात्र दिवसाला किती भरता येतील याची मर्यादा आपल्या बँकेकडून आधी विचारून घ्यावी. डेबिट कार्डाने कंपनीच्या संकेतस्थळावर भरता येतात, परंतु त्याआधी कार्डाची ऑनलाइन वापराची सोय सुरू आहे का ते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डे केवळ देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्रांपुरतीच चालू करून मिळतात आणि बाकीच्या सोयी ग्राहकाला स्वतः सुरू कराव्या लागतात. तिसरा मार्ग म्हणजे शाखेत जाऊन एनईएफटीचा अर्ज भरणे, आणि मोठ्या रकमेसाठी मला हाच सर्वांत निश्चिंत वाटतो. शाखेतला शिक्का मारलेला कागद हाती येतो आणि आता पैसे पाठवण्यापूर्वी ज्याच्या खात्यात ते जाणार त्याचे नाव तपासण्याची सोयही बँकांनी दिली आहे. ते नाव कंपनीचे असले पाहिजे. एखाद्या माणसाचे नाव दिसले तर तिथेच थांबावे.

एजंटकडे रोख रक्कम देऊन बुकिंग करणे आपल्याकडे सर्रास चालते, कारण तालुक्याच्या ठिकाणचा एजंट ओळखीचा असतो. ते करायचेच असेल तर जीएसटी क्रमांक असलेली पावती घ्यावी, बुकिंग क्रमांक मिळताच स्वतः कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून आपली नावे त्यांच्या यादीत आहेत का ते विचारावे, आणि हे लक्षात ठेवावे की फेरी रद्द झाली तर परतावा एजंटकडे जाईल, आपल्या खात्यात नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून कायद्याने मनाई आहे. त्यामुळे मोठ्या कुटुंबाचे सगळे पैसे कुणी रोखच मागत असेल तर तीच धोक्याची खूण समजावी.

दुसरी खूण म्हणजे मोफत क्रूझचे बक्षीस. आमच्या शेजारच्या एका जोडप्याला शहरातल्या हॉटेलात बोलावून, तीन तास बसवून, सदस्यत्वाच्या नावाखाली पैसे भरायला लावले गेले. क्रूझ तर मिळाली नाहीच, पैसेही परत आले नाहीत. क्रेडिट कार्डाने भरलेल्या रकमेवर निदान बँकेमार्फत तक्रार करून ती परत मागण्याची वाट असते. आपण खात्यातला पैसा देतो तेव्हा ती वाट अरुंद होते, म्हणून सावधगिरी आधीच बाळगावी लागते. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच, पैसे ऑनलाइन गेले असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. सेवेबद्दलच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या केवळ ६० दिवस आधी उघडते, आणि जहाजाचे बुकिंग मात्र चार-सहा महिने आधी झालेले असते. ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. आम्हाला वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेस सोयीची आहे. पण गाडी उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही आणि तिकिटाचे पैसेही मिळत नाहीत, त्यामुळे आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचावे. त्या एका रात्रीचे भाडे हा वायफळ खर्च नाही.

परदेशी फेरी असेल तर

सिंगापूरहून किंवा दुबईहून निघणाऱ्या जहाजासाठी पासपोर्ट हवा. प्रौढाच्या ३६ पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये आहे आणि पोलीस पडताळणीचा वेळ धरून अर्ज लवकर करावा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टूर कंपनी टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ वसूल होणारा आयकर, घेते. तो कर परत मिळू शकतो, पण त्यासाठी आयकर विवरणपत्र भरावे लागते, आणि शेतीउत्पन्नावर कर नाही म्हणून आपण ते कधी भरलेलेच नसते. म्हणून पॅन कार्ड आणि टीसीएसची पावती जपून ठेवून गावातल्या एखाद्या जाणकाराकडून विवरणपत्र भरून घ्यावे.

जहाजावरच्या खर्चासाठी बँकेकडून किंवा अधिकृत चलन विक्रेत्याकडून परकीय चलनाचे प्रीपेड कार्ड घ्यावे आणि थोडे चलन नोटांमध्ये ठेवावे. हे चलन रोख रुपये देऊन घ्यायचे असेल तर ५०,००० रुपयांच्या आतच घेता येते. त्यावरची रक्कम खात्यातूनच द्यावी लागते. काही जहाजे नोंदणीच्या वेळी प्रीपेड कार्ड स्वीकारत नाहीत आणि रोख अनामत मागतात, तेव्हा हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यावे. परदेशी कंपन्या प्रत्येक माणसामागे दररोजची बक्षिसी आपोआप खात्यात लावतात; ती तिकिटाबरोबरच आगाऊ भरता येत असेल तर भरून टाकावी, म्हणजे डॉलरमधला तेवढा खर्च मागे राहत नाही.

जहाजावरचे खाते

आता माझ्या त्या चुकीकडे येतो. जहाजावर सहसा सुटे पैसे चालत नाहीत. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच खर्चाचे साधन. मद्य, खास उपाहारगृहे, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली आणि दवाखाना हे सगळे त्या कार्डावर नोंदले जाते व शेवटी एकदम वसूल होते. ही वसुली निश्चित व्हावी म्हणून नोंदणीच्या वेळी बँकेचे कार्ड किंवा रोख अनामत घेतली जाते.

मी दिलेले डेबिट कार्ड आमच्या घरच्या मुख्य खात्याचे होते. त्यावर जहाजाने १०,००० रुपये अडवून ठेवले. ते पैसे कापले गेले नव्हते, फक्त थांबवले होते. क्रेडिट कार्डावर असे थांबवले तर उसन्या मर्यादेतून थांबतात, डेबिट कार्डावर मात्र आपला स्वतःचा पैसा थांबतो. आमचा जहाजावरचा खर्च चार हजारांच्या आतच झाला, तो आम्ही रोख भरला, पण अडवलेली रक्कम मोकळी व्हायला आठ दिवसांहून अधिक लागले. गावी परतलो तो बाजाराचा दिवस होता. शेवटच्या वेचणीच्या बाया आठवड्याची मजुरी घ्यायला अंगणात बसल्या होत्या आणि खात्यात पैसा असूनही यंत्रातून निघत नव्हता. काकाजींकडून उसने घेऊन मी त्यांचे पैसे चुकते केले. यात जहाजाने नियमाबाहेर काही केले नव्हते. खिडकीवर मी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही.

तो प्रश्न असा: "रोख अनामत ठेवता येईल का, किती ठेवावी लागेल आणि उरलेली कधी परत मिळेल?" होय असे उत्तर आले तर रोखच ठेवावी, पावती घ्यावी आणि ती खोलीतल्या तिजोरीत ठेवावी. अनामत संपली की कार्ड चालेनासे होते व पुन्हा भरणा करावा लागतो. आपल्यासाठी हे चांगलेच आहे, कारण खर्चाला आपोआप बांध पडतो. रोख घेत नसतील तर सहलीसाठी उघडलेल्या वेगळ्या खात्याचे डेबिट कार्ड द्यावे, ज्यात अडकलेला पैसा आठ-पंधरा दिवस न मिळाल्याने घरचे काही अडणार नाही. मुलांच्या कार्डांवर खर्चाची मुभा बंद करून घेता येते. तेही त्याच खिडकीवर सांगावे.

यूपीआयच्या भरवशावर राहू नये. किनारा मागे पडला की काही वेळात मोबाइलचे नेटवर्क जाते. त्यानंतर फोन जहाजाच्या उपग्रह सेवेला जोडला गेला तर रोमिंगचे भले मोठे बिल लागू शकते, म्हणून चढल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकावा. नेटवर्क नसले की बँकेचा ओटीपीही येत नाही, आणि ओटीपी मागणारा कोणताही ऑनलाइन भरणा समुद्रात होत नाही. यंत्रात कार्ड घालून पिन दाबण्याचा व्यवहार वेगळा. त्याला आपल्या फोनची गरज पडत नाही. त्यामुळे पिन पाठ असावा आणि कार्डाची रोजची मर्यादा निघण्यापूर्वीच वाढवून घ्यावी. किनाऱ्यावरच्या सहली, वायफाय किंवा जे काही आगाऊ घेता येईल ते घरी असतानाच घेऊन त्याचे पैसे भरून टाकावेत.

जहाजावरच्या डॉक्टरचे शुल्क बरेच असते. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, तसेच बोट लागू नये म्हणूनची औषधे आपल्या डॉक्टरांना विचारून घरूनच न्यावीत, आणि प्रवास विमा जरूर काढावा. विम्यातही बहुधा आधी आपल्याला भरावे लागते व नंतर परत मिळते; राखीव पंधरा हजार ठेवायला सांगितले ते याचसाठी.

आईला घरून निघेपर्यंत एकच काळजी होती. "पैसे पाण्यात घालाले चाललो का आपण?" असे ती दोनदा म्हणाली. जहाजावर पहिल्या संध्याकाळी मी तिला वहीतला हिशेब दाखवला: काय आधीच भरले आहे, काय उरले आहे आणि कशाला हात लावायचा नाही. त्यानंतर ती डेकवरच्या खुर्चीत निवांत बसली आणि जेवणाची वेळ होईपर्यंत उठली नाही. खर्चाची अशी वही प्रत्येकाने ठेवावी. रोज रात्री स्वागतकक्षात जाऊन खात्याचा उतारा मागता येतो, आणि तो वहीशी ताडून पाहायला पाच मिनिटे पुरतात.

शेवटच्या रात्री अंतिम बिल मिळते. ते सकाळवर टाकू नये, कारण उतरण्याच्या दिवशी खिडकीवर मोठी रांग असते आणि सामान हाती घेऊन वाद घालणे कठीण जाते. न घेतलेल्या पाण्याच्या बाटलीची किंवा दुसऱ्या खोलीच्या खर्चाची नोंद आपल्या नावावर पडलेली असू शकते. ती त्याच रात्री दाखवून कमी करून घ्यावी, उरलेली रोख अनामत मोजून घ्यावी आणि खाते बंद झाल्याचा, शिल्लक शून्य दाखवणारा कागद घ्यावा. डेबिट कार्ड दिले असेल तर हा कागद विशेष जपावा. पंधरा दिवसांत अडवलेली रक्कम मोकळी झाली नाही, तर त्याची प्रत जोडून आपल्या बँक शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.